तयारी अस्वलाची की आपली?

पुढच्या महिन्यात गाडी घेऊन एकट्यानेच फिरायला निघायचं ठरवलंय. फार लांब नाही. बांद्याहून दोडामार्ग, तिलारी घाट चढून चंदगड, तिथून आंबोली आणि सावंतवाडीवरून परत घरी. तीन दिवस, दोन रात्री. मागची सीट पाडली की गादी मावते, त्यामुळे झोपायचं गाडीतच.

हे घरात बोललो आणि नातेवाईकांत दोन तट पडले. एक "एकटो जाव नको" म्हणणारा आणि दुसरा "अमुक घेतलंस का, तमुक घेतलंस का" विचारणारा. पहिल्या तटाचं मी ऐकून घेतो, ती माया आहे. भांडण आहे ते दुसऱ्याशी.

कॅलिफोर्नियातल्या मावसभावाने तर यादीच पाठवली. अस्वलाला उघडता येणार नाही असा जेवणाचा डबा, मिरचीचा फवारा, कपाळावरचा दिवा वगैरे वगैरे. त्याचं तिथे बरोबरच आहे. योसेमिटीत रात्री गाडीत खाणं ठेवायला बंदी आहे, कारण तिथली काळी अस्वलं वासावर येऊन गाडीचा दरवाजा वाकवून उघडतात. १९९८ साली त्यांनी तिथल्या शेकडो गाड्या फोडल्या होत्या. पण ही विद्या त्यांना शिकवली कोणी? वर्षानुवर्षं उष्टं-खरकटं टाकणाऱ्या पर्यटकांनीच ना!

आपलं अस्वल वेगळं. त्याला गाडीत रस नाही. वाळवी, मुंग्या, मध आणि या दिवसांत करवंदं, जांभळं हे त्याचं जेवण. वरचे मधले दोन दात नसतात, त्या फटीतून ते वारुळातली वाळवी ओढून घेतं, आणि तो आवाज शंभर मीटरवरूनही ऐकू येतो म्हणतात. नाक तिखट, पण नजर आणि कान बेताचे. त्यात खाण्यात गुंग असलं की माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला पत्ता नसतो. मग ते दचकतं, आणि दचकलेलं अस्वल पळण्याऐवजी बरेचदा अंगावर येतं. पाठीवर पिल्लं असतील तर बघायलाच नको. वार होतो तो डोक्यावर नि तोंडावर.

आता सांगा, असं जवळून दचकवणारा माणूस कोण? काचा लावून गाडीत झोपलेला मी? मुळीच नाही. तो माणूस पायी चालणारा असतो. पहाटे काजू गोळा करायला जाणारा, लाकूडफाट्याला जाणारा, गुरांमागे जाणारा.

हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही. दोडामार्गाकडच्या आमच्या एका काकीला मोठ्या हौसेने यादी वाचून दाखवली. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "तू गाडयेत निजतलंस, तरी तुका एवढा सामान लागता. आमी रोज काजीत जातंव, तेका कोण इचारता?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही. तिच्याकडे काठी आहे आणि मोठ्याने बोलत चालायची सवय आहे. बस्स.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की जंगलात हौसेने जाणाऱ्याने स्वतःच्या जिवाची तयारी करणं ही अर्धी तयारी झाली, आणि तीही सोपी अर्धी. अवघड अर्धी ही की आपण निघून गेल्यावर मागे काय राहतं. घाटात गाडी थांबवून माकडांना वेफर्स देणारे, धबधब्याखाली कोंबडी भाजून हाडं तिथेच टाकणारे, "जनावराक भिती दाखवक व्हयी" म्हणून रात्री फटाके लावणारे, हे सगळे दुसऱ्या दिवशी घरी पोचतात. जनावर तिथेच राहतं आणि काकीही तिथेच राहते. राजस्थानात माउंट अबूला अस्वलं कचऱ्याच्या ढिगावर येतात. छत्तीसगडमध्ये बागबाहराजवळच्या चंडीमातेच्या देवळात ती प्रसादाला येतात आणि लोक कौतुकाने फोटो काढतात. माणसाजवळ खाणं मिळतं हे एकदा कळलं की ते माणसाचं अंतर राखणार नाही. आपल्या उष्ट्याचं बिल असं दुसऱ्याच्या नावावर फाटतं.

फटाक्यांचं काय होतं तेही आपण पाहिलंय. २००२ साली कर्नाटकातून हत्ती दोडामार्गात उतरले. तेव्हापासून एका वाडीने हाकलायचं आणि दुसऱ्या वाडीने माड-केळी गमवायच्या, हा खेळ चालू आहे. हाकलल्याने हत्ती नाहीसा होत नाही, शेजाऱ्याकडे जातो.

यावर मित्राचा युक्तिवाद असा, की मग इतका विचार करायचा तर घरीच बस ना! हेही मला पटत नाही. ज्याने तिलारीचं रान पाहिलेलंच नाही, त्याला २०२० साली तिथे संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं काय नि न झालं काय, सारखंच. जावं, जरूर जावं. फक्त पाहुण्यासारखं जावं.

तर माझी यादी अशी. मुक्काम रानात नाही, वस्तीजवळ, कोणाच्या तरी खळ्यात, विचारून. राखीव जंगलात विनापरवाना शिरणं आणि आग पेटवणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहेच, आणि सुकलेल्या रानात एक ठिणगी पुरते. चूल नाही, घरच्या दशम्या आणि सुकी चटणी. खरकटं, साली, कागद, सगळं झाकणाच्या बादलीत घालून परत बांद्याला. अंधार पडल्यावर आणि उजाडायच्या आधी गाडीबाहेर भटकायचं नाही. दिवसा पायवाटेवर गेलो तर बोलत, खाकरत जायचं (एकट्याने बोलताना लोक हसतील, हसू देत). वारूळ ताजं उकरलेलं दिसलं की मागे फिरायचं. वाडीत पोचल्यावर आधी विचारायचं की इथे काय दिसलंय, कधी, कुठे. घाटात मोबाइलला रेंज नसते, म्हणून कुठे नि कधी पोचणार ते घरी लिहून ठेवायचं. आणि वनखात्याचा १९२६ हा क्रमांक वहीत.

यात विकत घेण्यासारखं जवळजवळ काहीच नाही. झाकणाची बादली तेवढी घेतली.

आणि हो, तो कपाळावरचा दिवा मावसभावाने पाठवलाच. तो काकीला देणार आहे. पहाटे काजीत जाताना तिलाच लागेल.