गाणं उचललं ते ठीक, नाव का कापलं?

मराठवाड्याची गाणी कोणी वाचवली असं विचारलं, तर माझं उत्तर ठरलेलं आहे: मोबाईलच्या दुकानदारांनी. उमरी, धर्माबाद, भोकर, अहमदपूर, उदगीर, कुठल्याही बसस्टँडसमोर २०१० च्या आसपास उभं राहिलेल्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही. 'येथे गाणे भरून मिळतील' अशी पाटी. आत एक घरघरणारा कॉम्प्युटर, कार्ड रीडर आणि डी ड्राइव्हमध्ये फोल्डर: हिंदी, मराठी, भीमगीत, भक्तिगीत, लावणी, कव्वाली, तेलुगू. दहा-वीस रुपयांत मेमरी कार्ड गच्च भरून मिळायचं. कॅसेट कंपन्यांनी जे केलं नाही, सरकारने जे केलं नाही, ते या डी ड्राइव्हने केलं.

मी कोड लिहून पोट भरतो. माझ्या कंपनीत कोणी विनापरवाना सॉफ्टवेअर वापरलं तर त्याची नोकरी जाईल, आणि ते बरोबरच आहे. तरीही गाणी उतरवून घेणाऱ्यांवर सरसकट चोरीचा शिक्का मारणाऱ्यांशी माझं भांडण आहे. आणि खरं सांगायचं तर उतरवून घेणाऱ्यांशीही आहे. चोरीचा जो आरोप आपल्यावर होतो तो बहुतेक वेळा पोकळ असतो. पण आपल्या हातून दुसरं एक काम झालंय, त्याबद्दल कोणी आरोपही करत नाही. आपण गाण्यांवरची नावं पुसली.

आधी चोरीचं बघू

या फोल्डरमधली भीमगीतं, भारुडं, गोंधळ, कलगीतुरा आला कुठून? कॅसेटवरून. १९८३ मध्ये गुलशन कुमार यांनी टी-सिरीज सुरू केली आणि स्वस्त कॅसेटचा जमाना आला. एचएमव्हीच्या दारात ज्याला उभं केलं नसतं असा गावचा शाहीरही आता रेकॉर्ड होऊ लागला. गल्लीबोळांत छोट्या कंपन्या निघाल्या. चौदा एप्रिल जवळ आला की भीमगीतांच्या नव्या कॅसेट यायच्या आणि जयंतीच्या मिरवणुकीत वाजायच्या. पुढे सीडी आली आणि यातल्या कितीतरी कंपन्या बंद पडल्या. मूळ टेप कुणाच्या माळ्यावर गेली, कुणाच्या भंगारात. ती गाणी सीडीवर आलीच नाहीत.

आता मला सांगा, अशी एखादी कॅसेट मला पैसे देऊन घ्यायची आहे. कोणाला देऊ?

इथे कायदा काय म्हणतो ते बघा. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो. आधी ही मुदत ५० वर्षं होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ मध्ये गेले, त्यांच्या साहित्यावरचा हक्क संपायला आला, म्हणून १९९२ च्या दुरुस्तीने सगळ्यांचीच मुदत दहा वर्षांनी वाढवली. म्हणजे १९८८ मध्ये निघालेली भारुडाची कॅसेट २०४८ संपेपर्यंत बंद. त्यातली फीत तोवर टिकणार आहे का? ज्याने घरात जुन्या कॅसेट ठेवल्यात त्याला विचारा. पावसाळ्यात बुरशी धरते, चिकटते, वाजवायला घेतली की टेपमध्येच गुंततं सगळं. कुलूप साठ वर्षांचं आणि आतला माल तीस वर्षांचा. अशा मालाची ज्याने वेळेत नक्कल करून ठेवली, त्याला कलम ६३ प्रमाणे सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड होऊ शकतो. ज्याने मूळ टेप भंगारात टाकली, त्याला काहीच नाही.

कायद्यात पळवाट नाही असं नाही. मालक सापडत नसेल तर परवाना मागता येतो, कलम ३१-ए. पण त्यासाठी आधी देशाच्या मोठ्या भागात खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यावी लागते. उमरीतल्या बंद पडलेल्या कॅसेटचा मालक शोधायला इंग्रजी पेपर! हे कलम ज्याने लिहिलं त्याच्या डोळ्यासमोर कोणती गाणी होती ते यावरून कळतं. आपली नक्कीच नव्हती.

'पण आता स्ट्रीमिंग आहे की,' असं पुण्यातले मित्र म्हणतात. आहे. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, २०१९ मध्ये स्पॉटिफाय आलं, आणि गाणी भरून देणाऱ्यांच्या पाट्या उतरल्या. पण स्ट्रीमिंगवर तेच असतं जे कोणीतरी तिथे चढवलंय. कंपनीच उरली नाही तर चढवणार कोण? आणि जे आहे ते तरी भाड्याचंच. विंक म्युझिक २०२४ मध्ये बंद झालं, त्या अ‍ॅपमध्ये 'डाउनलोड' करून ठेवलेली गाणीही त्याच्याबरोबर गेली. मेमरी कार्ड निदान कोणी दुरून बंद करू शकत नव्हतं.

तेव्हा पहिल्या आरोपातून आपण बऱ्यापैकी सुटतो. पूर्ण नाही. जो गायक आज हयात आहे, स्वतःचं यूट्यूब चॅनल चालवतो, त्याचं गाणं उतरवून ग्रुपवर टाकणं ही त्याच्या ताटातली भाकरी उचलणंच आहे. त्याला माझा पाठिंबा नाही.

आता दुसरं, जे जास्त गंभीर आहे

आपल्याकडे गाण्याची नक्कल होणार हे जुन्या कवींना पक्कं माहीत होतं. एकाचं गाणं दुसरा म्हणणार, तिसरा वहीत उतरवणार, चौथा चाल बदलणार. नक्कल थांबवायचा प्रयत्न त्यांनी केला नाही. त्यांनी फक्त शेवटच्या कडव्यात आपलं नाव ओवलं. गंगाखेडची जनाबाई 'जनी' म्हणून सही करते. नामदेव, चोखोबा, तुकोबा सगळे करतात. आमच्या उमरी तालुक्यात गोरटे आहे, दासगणू महाराजांचं गाव. त्यांच्या पदांतही शेवटी 'गणू' येतोच. आणि वामनदादा कर्डक. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस, १९२२ मध्ये जन्मला, २००४ मध्ये गेला, हजारो गाणी लिहिली आणि शेवटी 'वामन' हे नाव ठेवलं. नाममुद्रा म्हणतात तिला. गाणं कुठेही जावो, पत्ता आत शिवलेला.

गंमत अशी की पुढच्या यंत्रांनीही हेच केलं. १९०२ मध्ये कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीने गौहर जानची रेकॉर्ड केली. गाणं संपलं की ती मोठ्याने इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते. कारण तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत हॅनोव्हरला, आणि तिथल्या माणसाला लेबलवर कोणाचं नाव लिहायचं ते कळावं म्हणून.

मग एमपी३. १९९६ मध्ये एमपी३ फाइलला आयडी३ नावाचा टॅग जोडायची पद्धत निघाली. फाइलच्या अगदी शेवटचे १२८ बाइट. त्यात ३० बाइट गाण्याच्या नावाला, ३० कलाकाराला, ३० अल्बमला, ४ वर्षाला, ३० शेऱ्याला, एक प्रकाराला, आणि उरलेले तीन टॅगची खूण म्हणून. म्हणजे अभंगात नाव शेवटी, तबकडीवर शेवटी, फाइलमध्येही शेवटी.

या टॅगमध्ये आपल्यासाठी जागा कमीच होती हेही सांगतो. 'वामनदादा कर्डक' हे नाव आजच्या युनिकोडमध्ये, म्हणजे यूटीएफ-८ मध्ये लिहिलं तर ४० बाइट होतात. खोली ३० ची. प्रकारांच्या ठरलेल्या यादीत ८० प्रकार होते, त्यात पोल्का होता, भारूड नव्हतं. पण ही अडचण फार दिवस राहिली नाही. १९९८ मध्ये टॅगची दुसरी आवृत्ती आली, तिच्यात युनिकोड चालतं, नाव कितीही लांब चालतं. तेव्हा दोष यंत्रावर ढकलता येत नाही.

आपण काय केलं? माझ्याकडे गावाकडचं एक जुनं ८ जीबीचं कार्ड आहे. बाराशेच्या आसपास फाइल. कलाकाराच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एखाद्या डाउनलोड वेबसाइटचं नाव. अल्बमच्या रकान्यातही तेच. फाइलची नावं 'ट्रॅक ०७', 'भीमगीत न्यू २', 'जबरदस्त भारूड फुल डीजे'. रीमिक्स करणाऱ्याचं नाव सुरुवातीला दोनदा ओरडून येतं. गाणं दीड मिनिटात आटोपतं आणि शेवटचं कडवं नसतंच. म्हणजे टॅगमधलं नाव गेलं, आणि कवीने शब्दांत शिवलेलं नावही कात्रीने गेलं. व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर तर छोटासा तुकडा. तिथे शेवटच्या कडव्याचा प्रश्नच येत नाही.

यात बिघडलं काय? वामनदादांचं फारसं बिघडणार नाही, त्यांना ओळखणारे लाखो आहेत. बिघडतं ते तालुक्याच्या शाहिराचं. कधीकाळी एकच कॅसेट काढलेल्या गोंधळ्याचं, वाघ्या-मुरळीचं, भजनी मंडळातल्या बाईचं. त्यांचं गाणं बेवारस झालं की त्याच्यावर 'पारंपरिक' किंवा 'लोकगीत' असं लेबल लागतं. 'पारंपरिक' म्हणजे कोणाचंच नाही, आणि जे कोणाचंच नाही ते कोणीही घ्यावं. यूट्यूबची मालकी ओळखणारी यंत्रणा आवाजाचा ठसा जुळवते. ठसा ज्याने आधी नोंदवला तो तिच्या लेखी मालक. गाणं कोणी लिहिलं हे तिला कळत नाही. म्हणजे आपण नाव पुसलेली फाइल उद्या कोणीतरी स्वतःच्या नावावर चढवू शकतो, आणि मूळ शाहिराच्या नातवाने तीच कॅसेट टाकली तर दावा त्याच्यावरच यायचा.

ज्या माणसांना शतकानुशतकं नावाने हाक मारली गेली नाही, जातीने मारली गेली, त्यांच्यासाठी गाण्यात नाव घालणं हा शोभेचा भाग नव्हता. 'हे मी लिहिलं' हे सांगण्याची ती एक जागा होती. आपण नेमकी तीच कापली. आणि मग जयंतीला तेच गाणं मोठ्या आवाजात लावून नाचलो.

कंपन्याही यात धुतल्या तांदळाच्या नाहीत. कलम ५२-ए प्रमाणे कॅसेटवर ध्वनिमुद्रण करणाऱ्याचं नाव-पत्ता, हक्क कोणाकडे त्याचं नाव-पत्ता आणि प्रकाशनाचं वर्ष छापणं सक्तीचं आहे. गायकाचं नाव छापायची सक्ती त्या यादीत नाही. वादकांचा तर विषयच सोडा. कलावंताला आपलं नाव लावून घेण्याचा हक्क कायद्याने दिला तो २०१२ मध्ये, कलम ३८-बी. तोवर कॅसेटचा जमाना संपला होता.

लूट आणि हिशेब

३० जानेवारी १९४८ रोजी हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या तरुणांनी उमरीची बँक लुटली. निझामाच्या दप्तरी तो दरोडा, आमच्या गावात तो अभिमान. जुनी माणसं ही गोष्ट सांगताना रकमेपेक्षा हिशेबावर जास्त बोलतात: पैसा चळवळीचा होता आणि पै-पै लिहून ठेवली. मला ते महत्त्वाचं वाटतं. लूट आणि लढा यांत फरक करणारी एकच गोष्ट होती, ती वही.

इंटरनेटवरही असे लोक होऊन गेले. व्हॉट डॉट सीडी नावाची संगीताची टोरंट साइट होती, २०१६ च्या नोव्हेंबरात बंद पडली. कायद्याने ती चोरांचीच. पण तिथे नियम कडक: कोणती आवृत्ती, कोणतं वर्ष, कोणती कंपनी, कशावरून उतरवलं, हे नीट लिहिलं नाही तर फाइल काढून टाकायचे. दुर्मीळ रेकॉर्डची तिथली यादी पाहून संगीताचे अभ्यासक हळहळले. आपल्याकडेही १९९० पासून मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आहे, तबकड्यांच्या लेबलांचा आणि क्रमांकांचा बारकाईने अभ्यास करणारी. तबकडीला हे भाग्य मिळालं. कॅसेटला आणि मेमरी कार्डाला अजून मिळालेलं नाही.

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. कलावंत हयात असेल, गाणं त्याच्याकडे मिळत असेल, तर तिथेच ऐका. कुठेच मिळत नसेल तर नक्कल करा, न लाजता करा, पण वही ठेवा. गायक, कवी, वादक, कंपनी, वर्ष, आणि कॅसेट कोणत्या गावात मिळाली. कॅसेटच्या कव्हरचे दोन्ही बाजूंनी फोटो. माहीत नसेल तिथे 'माहीत नाही' लिहा, 'पारंपरिक' लिहू नका. 'माहीत नाही' लिहिलं की कोणीतरी शोधतो, 'पारंपरिक' लिहिलं की शोध संपतो. आणि काहीही कापा, शेवटचं कडवं कापू नका.

दुसरी मागणी ग्रंथालयांकडे. १९६७ च्या कायद्याने महाराष्ट्रात गावोगावी सार्वजनिक ग्रंथालयं उभी राहिली. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कलम ५२ सांगतं की, नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखाद्या कृतीची डिजिटल नसलेली प्रत असेल तर जतनासाठी ती डिजिटल स्वरूपात साठवणं हा हक्कभंग नाही. म्हणजे तालुक्याच्या ग्रंथालयाने लोकांकडून जुन्या कॅसेट दान घेतल्या, तर त्यांची डिजिटल प्रत करून ठेवायला कायद्याची आडकाठी नाही. लागतो एक टेप, एक वायर, एक कॉम्प्युटर आणि एक नोंदवही. पोरं गावात आहेतच.

तिसरी आकाशवाणीकडे. परभणी केंद्रावर मराठवाड्यातले कितीतरी लोककलावंत गायले, आपल्या पैशातून. तिथे काय उरलंय त्याची निदान यादी तरी लोकांसमोर येऊ द्या. गाणी नंतर देऊ, म्हणत असाल तर नंतर द्या. नावं आधी द्या.

आणि हे सगळं होईल तेव्हा होईल. तुमच्या हातातल्या फोनमध्ये आत्ता एखादं असं गाणं असेलच. ते शेवटपर्यंत ऐका. नाव ऐकू आलं की फाइलला ते नाव द्या. आपल्या लिपीत, पूर्ण. चाळीस बाइट लागले तर लागू द्या. मगच पुढे पाठवा.