थोरांचा आवाज जपणार कोण?

मोठा माणूस गेला की आपला समाज शोकसभा भरवतो, तसबिरीला हार घालतो, एखाद्या चौकाला त्याचे नाव देण्याचा ठराव करतो आणि कृतकृत्य होऊन घरी जातो. तो माणूस हयात होता, बोलत होता, गात होता, आपल्या काळाची साक्ष देत होता, तेव्हा ते बोलणे टिपून ठेवण्याची बुद्धी मात्र फारशी कोणास होत नाही. पुतळ्यासाठी वर्गणी आहे. आवाजासाठी दमडी नाही! हा करंटेपणा आणखी किती काळ चालावयाचा, हा आमचा सवाल आहे.

साधन नव्हते ही सबब टिकणारी नाही. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग याने कलकत्त्यास गौहर जान हिचे गाणे मुद्रित केले. तीन मिनिटांच्या तबकडीच्या शेवटी तिने उच्चारलेले स्वतःचे नाव आज शंभराहून अधिक वर्षांनीही ऐकू येते. त्यानंतर वीस वर्षांनी, १९२२ साली, भास्करबुवा बखले निवर्तले. बडोदे संस्थानात जन्मलेला, धारवाडास संगीत शिकवणारा, पुण्यास भारत गायन समाज स्थापणारा, 'स्वयंवर' नाटकाच्या पदांना चाली देणारा हा गवई. त्याच्या गळ्यातील एक सूरही आज उपलब्ध नाही. अल्लादिया खाँसाहेब तर १९४६ पर्यंत हयात होते. त्यांचेही गाणे मुद्रित झाले नाही. काही गवयांनाच यंत्राचे वावडे होते, हे आम्ही जाणतो. पण त्यांचे मन वळवणे हे कोणाचे काम होते? समाजाचेच ना?

याच खाँसाहेबांची दुसरी कथा डोळे उघडणारी आहे. त्यांनी सांगितलेल्या आयुष्याच्या आठवणी त्यांचे नातू अझीझुद्दीन खाँ यांनी लिहून घेतल्या आणि २००० साली त्या इंग्रजी पुस्तकरूपाने जगापुढे आल्या. गाणे गेले, पण गाणाऱ्याचे बोलणे राहिले. कोणत्या सरकारने नव्हे, कोणत्या अकादमीने नव्हे, एका नातवाच्या चिकाटीने ते राहिले! आणि खाँसाहेबांच्याच शिष्या, गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर? त्यांनी गायिलेली साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांतील सुवर्ण तबकडीवर चढून अंतराळात गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात बाई निवर्तल्या. आवाज मात्र सूर्यमालेच्या कडेपलीकडे पोहोचला आहे. मुद्रित झालेला स्वर कोठवर जातो आणि न झालेला कोठे विरतो, याचा याहून लखलखीत पुरावा कोणता हवा?

हा प्रश्न केवळ गवयांचा आहे असे कोणी समजू नये. इतिहास दप्तरांत राहतो, तसा तो माणसांच्या जिभेवरही राहतो. दिल्लीच्या तीन मूर्ती भवनातील संग्रहालयाने आणि केंब्रिज विद्यापीठाच्या दक्षिण आशिया अभ्यास केंद्रानेही स्वातंत्र्यलढ्यातील कार्यकर्त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून ठेवल्या. दप्तरात सरकारची बाजू सापडते. लाठी कोणी खाल्ली, रात्री भाकरी कोणी पोहोचवली, हे त्या जिभाच सांगतात. १९४८ च्या सप्टेंबरात निजामाची राजवट कोसळताना हैदराबादेत विशीत असलेला तरुण आज नव्वदी ओलांडून बसला आहे. १९५५ चा गोवा सत्याग्रह, १९५६ ची राज्यपुनर्रचना व त्यानंतरची सीमाभागातील सत्याग्रहे पाहिलेली पिढीही नव्वदीच्या उंबरठ्यावर उभी आहे. यांपैकी प्रत्येकाच्या अंत्ययात्रेबरोबर एक दप्तर जळते, आणि त्याची दुसरी प्रत कोठेही नसते!

मुद्रण केले म्हणजे काम संपले, असेही नव्हे. बीबीसीसारख्या धनाढ्य संस्थेनेदेखील फिती महाग पडतात म्हणून जुने कार्यक्रम पुसून त्यांवर नवे चढवले. गेले ते गेलेच. आपल्याकडे तर चार महिने पाऊस. दमट हवेत फितीस बुरशी धरते, तिच्यावरील लेप चिकट होऊन सुटतो, आणि ती वाजवणारे यंत्र भंगारात गेलेले असते. युनेस्को व ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी २०१९ मध्ये चुंबकीय फितींबाबत जगाला धोक्याचा इशारा दिला तो यासाठीच. आपल्या घरांतील माळ्यांवर व्याख्यानमालांच्या, मैफलींच्या, आजोबांच्या बोलण्याच्या ज्या कॅसेटी धूळ खात पडल्या आहेत, त्यांच्यापुढे आता फार दिवस उरलेले नाहीत.

मग करावयाचे काय? आज गावोगावच्या पोरांच्या खिशात मुद्रणयंत्र आहे. एका तरुणाने एका वृद्धाकडे जावे, त्यांची संमती घ्यावी, घाई न करता त्यांना बोलते करावे व मध्येच तोडू नये. आरंभी नाव, गाव आणि तारीख स्पष्ट उच्चारावी; नावाशिवायचा आवाज हा पत्त्याशिवायच्या पत्रासारखा असतो. मुद्रणाच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवाव्यात, आणि त्यांतील एक वाचनालयात असावी. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय, इंदूरची महाराष्ट्र साहित्य सभा, हैदराबादचे मराठी ग्रंथसंग्रहालय, बडोद्याची मराठी वाङ्मय परिषद यांनी पुस्तकांच्या कपाटाशेजारी आवाजाचेही एक कपाट उभारावे, अशी आमची जाहीर मागणी आहे. गणेशोत्सव मंडळांनी ध्वनिक्षेपकांवर उधळला जाणारा पैसा थोडा बाजूला काढला तरी खर्च भागेल.

मुंबई देईल, दिल्ली देईल, या आशेवर बसाल तर म्हातारी माणसे थांबणार नाहीत. सत्ताधाऱ्यांकडून कागद मागता येतो, पुतळाही मागता येतो. विझलेला आवाज कोणाकडे मागणार? बांधवांनो, शोकसभेचे भाषण लिहिण्यापूर्वी एकदा त्या माणसाच्या दारी जा. तो अजून बोलतो आहे.