फुकटची विंडोज आणि मुक्त डेस्कटॉप

१४ ऑक्टोबर ही तारीख आपल्या विंगमध्ये कुणाच्या लक्षात असण्याचं कारण नाही. पण गंमत बघा. १४ ऑक्टोबर १९९६ ला जर्मनीतल्या ट्युबिंगेन विद्यापीठात शिकणाऱ्या मॅथियास एट्रिच नावाच्या पोराने केडीई या प्रकल्पाची घोषणा केली. युनिक्सवरचा प्रत्येक प्रोग्रॅम वेगळा दिसतो, वेगळा वागतो, साध्या माणसाने हे वापरायचं कसं, ही त्याची तक्रार होती. आणि बरोबर २९ वर्षांनी, १४ ऑक्टोबर २०२५ ला, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट बंद केला. योगायोगच आहे. पण केडीईवाल्यांनी त्याचा फायदा घेतला नसता तरच नवल. त्यांनी विंडोज १० च्या 'निर्वासितांना' जाहीर आमंत्रणच देऊन टाकलं.

हे निर्वासित कोण? आपणच की! हॉस्टेलच्या कुठल्याही मजल्यावर चक्कर मारा. कुणाचा मोठ्या भावाचा लॅपटॉप, कुणाचा एखाद्या कंपनीतून निघालेला सेकंडहँड. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसर साधारण २०१८ नंतरचा लागतो. इंटेलचा सातव्या पिढीचा आय-५ कितीही धडधाकट असला तरी बहुतेक ठिकाणी बाद. मशीन बिघडलेलं नाही, कोड कंपाइल होतो, पिक्चर चालतो, पण कंपनीच्या यादीत त्याचं नाव नाही. आमच्या विंगमधला एक ज्युनिअर असा लॅपटॉप घेऊन शहरातल्या एका दुकानात गेला, तर "हा आता भंगारात काढा, नवीन घ्या" असा सल्ला मिळाला. त्याच्या घरी सोयाबीनचे पैसे अजून यायचेत. नवीन घ्या म्हणायला दुकानदाराच्या बापाचं काय जातं?

मग हॉस्टेलचा परंपरागत उपाय. पेन ड्राइव्ह फिरतो, त्यात 'ॲक्टिव्हेटर' असतो, आणि सोबतच्या सूचनांमधली पहिलीच ओळ असते की आधी अँटिव्हायरस बंद करा. आता इंजिनिअर होणाऱ्या माणसाने या ओळीवर दोन मिनिटं तरी विचार करावा की नाही? चोर म्हणतोय कुत्रं बांधून ठेवा, आणि आपण मुकाट्याने बांधतोय. वर त्याच मशीनवरून फी भरायची, बँकेचं खातं उघडायचं.

इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दात दोन अर्थ कोंबले आहेत, म्हणून तिकडच्या लोकांना तासभर समजावून सांगावं लागतं. आपल्याकडे फुकट वेगळं आणि मुक्त वेगळं. चोरीची विंडोज फुकट आहे, मुक्त नाही. माझं म्हणणं मुक्तबद्दल आहे. फुकट हा त्यातला बोनस.

आता हे डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट म्हणजे नक्की काय, ते आपल्या भाषेत सांगतो. काही हॉस्टेलांत खोली घेतली की मेस सक्तीची असते. भाजी आवडो न आवडो, डब्याचे पैसे कापलेच. विंडोज तशी आहे. कर्नल, खिडक्या, टास्कबार, स्टार्ट मेनू, सगळं एकाच ताटात. लिनक्समध्ये खोली वेगळी आणि मेस वेगळी. खाली लिनक्सचा कर्नल, त्यावर खिडक्या रंगवणारी यंत्रणा, आणि त्यावर तुम्ही निवडाल ते डेस्कटॉप: केडीई प्लाझ्मा, ग्नोम, एक्सएफसीई, सिनॅमन, माटे. आज एक बसवा, उद्या दुसरं. फाइली जागच्या जागी. मेस बदलली म्हणून खोली सोडावी लागत नाही.

यावर आमचे एक मित्र (कॉम्प्युटर ब्रँचचे, अर्थातच विंडोजप्रेमी) म्हणतात, "एवढी निवड कशाला? एकच धड करा ना!" मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. पण इतकी डेस्कटॉप झाली कशी, हे बघितलं तर ती निवड नुसती हौस वाटत नाही.

केडीई उभं राहिलं ते क्यूटी नावाच्या लायब्ररीवर. ती ट्रोलटेक या नॉर्वेच्या कंपनीची, आणि तेव्हा तिचा परवाना पूर्ण मुक्त नव्हता. काही लोकांना हे खटकलं. ऑगस्ट १९९७ मध्ये मेक्सिकोच्या मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोम सुरू केलं, ते मुख्यतः याच कारणाने. दिसायला छान असलेलं डेस्कटॉप समोर असताना नुसत्या परवान्यासाठी दुसरं पहिल्यापासून लिहायचं! आपल्याकडे याला खुळेपणा म्हणतील. पण २००० मध्ये क्यूटी जीपीएल परवान्याखाली आली. त्यामागे या खुळ्यांचा दबाव होता असं मला तरी वाटतं.

पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. मुक्त सॉफ्टवेअरवाले काही संत नाहीत. जानेवारी २००८ मध्ये केडीई ४.० आलं ते अर्धकच्चं, लोकांनी अक्षरशः शिव्या घातल्या. २०११ मध्ये ग्नोम ३ आलं आणि खिडकीवरची मिनिमाइझ, मॅक्झिमाइझ बटणंच गायब! तुम्हाला त्यांची गरज नाही, हे आम्ही ठरवलंय, असा थाट. खुद्द लिनस टोरवाल्ड्स चिडून काही काळ एक्सएफसीईकडे गेला. म्हणजे उर्मटपणात ही मंडळी कुठल्या कंपनीला हार जात नाहीत. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही हेच केलं होतं. विंडोज ८ मधून स्टार्ट बटण काढून टाकलं.

फरक पुढे आहे. ग्नोम २ आवडणाऱ्यांनी त्याचा कोड उचलला आणि २०११ मध्येच माटे या नावाने पुढे चालू ठेवला. लिनक्स मिंटवाल्यांनी ग्नोम ३ मधूनच सिनॅमन काढलं. जुनं केडीई ३.५ आवडणाऱ्यांनी ते ट्रिनिटी नावाने जिवंत ठेवलं. विंडोज ८ वाल्यांनी काय केलं? वाट बघितली. २०१३ च्या ८.१ मध्ये बटण परत आलं, पण नीटसा मेनू यायला २०१५ उजाडलं. तीन वर्षं जगातल्या कोट्यवधी लोकांकडे कंपनीचं मन वळण्याची वाट बघण्याशिवाय दुसरा मार्ग नव्हता. मला मुक्त डेस्कटॉप आवडतं ते यासाठी. ते नेहमी चांगलं असतं म्हणून नाही. ते बिघडवलं, तर ते दुरुस्त करण्याचा हक्क आपल्याकडे राहतो म्हणून.

आणि "हे पोरांचे हौशी प्रकल्प" म्हणणाऱ्यांसाठी एक गंमत. केडीईच्या कॉन्करर ब्राउझरसाठी केएचटीएमएल नावाचं इंजिन लिहिलं गेलं होतं. ॲपलने ते घेऊन २००३ मध्ये सफारी आणला आणि त्याचं वेबकिट झालं. २०१३ मध्ये गूगलने वेबकिटमधून ब्लिंक वेगळं केलं, तेच क्रोममध्ये आहे, आणि २०२० पासून मायक्रोसॉफ्टच्या एजमध्येही. म्हणजे विंडोजवर बसून लिनक्सला नावं ठेवणारा आमचा मित्र रोज केडीईच्याच नातवाच्या खांद्यावर बसून इंटरनेट बघतो!

बरं, एवढं चांगलं आहे तर सगळे का वापरत नाहीत? म्युनिक शहराच्या महापालिकेचं उदाहरण नेहमी दिलं जातं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. २००३ मध्ये त्यांनी लिनक्सवर जायचं ठरवलं, सुमारे १५,००० कॉम्प्युटर हलवले, आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे जायचा ठराव केला. बाहेरून येणारी प्रत्येक फाइल वर्डमधली, आणि वापरणारे सवयीचे गुलाम. उलट केरळातल्या सरकारी शाळांत वर्षानुवर्षं मुलं लिनक्सवरच कॉम्प्युटर शिकतात आणि कुणाचं काही अडत नाही. माझ्या मते यात सॉफ्टवेअरपेक्षा सवयीचा वाटा मोठा आहे. पोराच्या हातात पहिल्यांदा काय पडतं, त्यावर बरंचसं ठरतं.

आता आपल्या कॉलेजचं बोलू. मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांना मी लिनक्स टाका असं सरसकट सांगणार नाही. सॉलिडवर्क्स लिनक्सवर येत नाही, ऑटोकॅडही नाही. फ्रीकॅडची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली, शिकायला ते चांगलं आहे, पण प्लेसमेंटच्या इंटरव्ह्यूला त्याचं नाव सांगून चालेल याची खात्री मी देणार नाही. त्यांनी विंडोज ठेवावी. ईएनटीसीवाल्यांना मॅटलॅब लिनक्सवर मिळतं, पीसीबीसाठी कायकॅड आहे. कॉम्प्युटर आणि आयटीवाल्यांना तर सबबच नाही. जीसीसी, पायथन, जावा, डेटाबेस सगळं तिथे घरचं आहे. जगातल्या पहिल्या ५०० सुपरकॉम्प्युटरवर २०१७ पासून लिनक्सच आहे, आणि आपल्याला टर्मिनल उघडलं की घाम फुटतो!

माझी तक्रार लॅबच्या सरांकडे आणि एचओडींकडे आहे, आदराने. सबमिशनला फाइल डॉक्समध्येच हवी हा हट्ट कशासाठी? लिबरऑफिसमधून डॉक्स निघते, पण टेबल सरकतं, फाँट बदलतो, आणि जर्नल परत येतं. पीडीएफ मागा. ज्याला पैसे देऊन ऑफिस घ्यायचंय तो घेईल, पण सी प्रोग्रॅमिंगच्या प्रॅक्टिकलसाठी एखाद्याला चोरीचं वर्ड टाकायला भाग पाडू नका. दुसरं, लॅबमधली जी मशीन विंडोज ११ घेणार नाहीत, ती राइट-ऑफ करून कोपऱ्यात रचण्याआधी त्यावर एक्सएफसीई टाकून बघा. चार जीबी रॅमवर ते बरं चालतं (ब्राउझरच्या वीस टॅब उघडल्या तर तेही रडतं, चमत्काराची अपेक्षा नको). एसएसडी बसवली तर आणखी दोन-तीन बॅच त्यावर निघतील.

मराठीबद्दलही सांगायला हवं. डेस्कटॉपची भाषा मराठी करून बघितली तर अर्धा मेनू मराठीत, अर्धा इंग्रजीत, आणि काही शब्द असे की इंग्रजीच बरं. पण इथे तक्रार करायला कस्टमर केअर नाही, आणि तेच बरं आहे. भाषांतराच्या फाइली सगळ्यांसाठी उघड्या आहेत. आपल्या सेक्शनमध्ये कविता पाठवणाऱ्यांपैकी चार जणांनी पीएलमध्ये रोज दहा ओळी केल्या, तरी बरंच काम होईल. लोहितसारखे मुक्त देवनागरी फाँट कुणीतरी बसून केले म्हणूनच आज लिनक्सवर आपली अक्षरं नीट दिसतात.

ज्यांना बघायचंय त्यांनी माझ्या रूमवर या, आठ जीबीचा पेन ड्राइव्ह घेऊन. त्यावरूनच डेस्कटॉप चालू करून बघता येतं, हार्ड डिस्कला हात लावावा लागत नाही. वाय-फाय लागतं का, आवाज येतो का, प्रोजेक्टर जोडला तर दिसतो का, एवढं तासाभरात कळतं. आवडलं नाही तर पेन ड्राइव्ह काढा आणि रीस्टार्ट करा. आवडलं आणि कायमचं टाकायचं असेल, तर आधी डेटाची कॉपी बाहेर घ्या, आणि विंडोजमध्ये बिटलॉकर चालू असेल तर त्याची की लिहून आणा. कॉपी घेतलेली नसेल त्याच्या लॅपटॉपला मी हात लावणार नाही, मग तो रूम पार्टनर का असेना.