मायबोलीचा सेवक

आल्बेनिया हा युरोपच्या आग्नेय भागातील लहानसा डोंगराळ देश. चार शतकांहून अधिक काळ तो तुर्की साम्राज्यात होता. तेथील मुसलमान मुले तुर्की शाळेत जात, तर ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मुले ग्रीक शाळेत. घरी मात्र दोघांची भाषा एकच, आल्बेनियन! भाषेमुळे ही प्रजा एक होईल, या भीतीने राज्यकर्ते त्या भाषेच्या शिक्षणास विरोध करीत.

अशा काळात, १८४६ साली, नाईम फ्राशेरी यांचा जन्म झाला. पुढे ते इस्तंबूल येथे सरकारच्या शिक्षण खात्यात अधिकारी झाले. तुर्की, फारसी व ग्रीक या भाषा त्यांना अवगत होत्या. त्यांत लिहून त्यांना कीर्ती मिळवता आली असती. परंतु त्यांनी आपली लेखणी मायबोलीला वाहिली. १८८६ साली त्यांनी मायभूमीची गुरेढोरे व शेतीभाती यांवर सुंदर काव्य प्रसिद्ध केले. त्याच वर्षी मुलांसाठी वाचनाचे पुस्तकही लिहिले. पुढच्याच वर्षी कोर्चा येथे आल्बेनियन भाषेची शाळा उघडली.

एवढ्या मोठ्या कवीने मुलांच्या पुस्तकांत वेळ का घालवावा, असे कोणी म्हणेल. परंतु जी भाषा मुले वाचत नाहीत, तिच्यातील महाकाव्यही उद्या कोण वाचणार? साधे वाचनपुस्तक लिहिण्यात नाईम यांनी कमीपणा मानला नाही, यातच त्यांची थोरवी आहे.

१९०० साली ते निवर्तले. १९१२ साली आल्बेनिया स्वतंत्र झाला. तो दिवस त्यांनी पाहिला नाही. पण तो दिवस जवळ आणणाऱ्यांत त्यांच्या लेखणीचा वाटा मोठा होता.