ऐंशी की चौऱ्याऐंशी?

मेनफ्रेमवर काम करतो म्हटलं की नातेवाइकांचे दोन प्रश्न ठरलेले. "अजून चालतं का रे ते?" आणि "म्हणजे नक्की करतोस तरी काय?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. एप्रिल २०२० मध्ये न्यू जर्सीच्या राज्यपालांनी कोबॉल येणारे स्वयंसेवक हवेत असं जाहीर आवाहन केलं होतं. बेरोजगार भत्त्याचे अर्ज ज्या यंत्रणेवर येऊन आदळत होते, ती चाळीसेक वर्षं जुनी होती. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून आज एका एररबद्दल लिहितो. तिच्याबद्दल माझं एक मत आहे आणि ते आमच्या टीममधल्या बऱ्याच जणांना पटत नाही.

मेनफ्रेमवरच्या साध्या फाईलमध्ये ओळ संपल्याची खूण नसते. नोटपॅडमध्ये आपण एंटर मारतो तसलं काही नाही. इथे नुसतं मोजायचं. ८० बाइट झाले, रेकॉर्ड संपला, पुढचा सुरू. हा ८० पण मजेशीर आकडा आहे. आयबीएमचं ८० कॉलमांचं पंचकार्ड १९२८ सालचं. कार्डं कधीच गेली, माप मात्र उरलं. शेर-पायली जाऊनही आजीच्या फडताळात ती मापं राहतात, तसं.

आता गंमत अशी की ही लांबी तीन ठिकाणी असते. एक कोबॉल प्रोग्रॅमच्या एफडीमध्ये, दुसरी जेसीएलमध्ये एलआरईसीएल म्हणून, तिसरी डिस्कवर त्या फाईलच्या लेबलात. तिघांचं जमलं नाही की फाईल उघडतानाच स्टेटस ३९ येतो. प्रोग्रॅममध्ये फाईल स्टेटस तपासायची सोय केली नसेल तर आयजीझेड००३५एस हा मेसेज, मागोमाग यू४०३८ अबेंड, आणि मग रात्री दोन वाजता कुणाच्या तरी घरी फोन.

नवखा माणूस सगळ्यात आधी जेसीएल उघडतो आणि आकडा बदलून पाहतो. ८० चे ८४, ८४ चे ८६. पण जेसीएलमध्ये आकडा बदलला म्हणून डिस्कवर आधीच लिहिलेले बाइट काही लांब होत नाहीत. वर कधीकधी एस०१३ पदरात पडतो तो वेगळाच.

खरं कारण बहुतेक वेळा मोजणीत असतं. समजा खाते क्रमांक १२, नाव ३०, शिल्लक, तारीख ८, आणि शेवटी २३ चा फिलर. शिल्लक एस९(११)व्ही९९ कॉम्प-३ आहे. अकरा आणि दोन तेरा असं धरून बेरीज केली तर ८६ येते. पण कॉम्प-३ मध्ये एका बाइटात दोन अंक बसतात आणि चिन्हाला अर्धा बाइट लागतो, म्हणजे तेरा अंकांना सातच बाइट. बेरीज बरोब्बर ८०. हीच फाईल व्हीबी केली की प्रत्येक रेकॉर्डच्या पुढे लांबी सांगणारे चार बाइट लागतात आणि एलआरईसीएल ८४ होतो, प्रोग्रॅममध्ये मात्र ८०च राहतो. रिपोर्टच्या फाईलमध्ये १३२ का १३३ हा घोळ असाच, कागद किती सरकवायचा हे सांगणाऱ्या एका बाइटाचा. हाताने मोजूच नये खरं तर. कंपाइल करताना मॅप ऑप्शन दिला की लिस्टिंगमध्ये प्रत्येक फील्डची लांबी छापून मिळते. पण लिस्टिंग वाचतो कोण!

हे झालं सोपं प्रकरण. माझं म्हणणं असं आहे की ३९ ही या घरातली सगळ्यात प्रामाणिक एरर आहे. ती दारातच अडवते. एकही रेकॉर्ड वाचला गेलेला नसतो, काहीही बिघडलेलं नसतं. आणि नेमकं तिलाच लोक "कशीतरी घालवा" म्हणतात.

अमेरिकेतल्या एका क्लायंटकडे पाहिलेली गोष्ट. दुसऱ्या विभागाकडून येणारी पत्त्यांची फाईल एका रात्री ८० ऐवजी ८२ ची आली. मधला ब्रँच कोड चारचा सहा अक्षरी झाला होता आणि आमच्या बाजूला कुणी कळवलंच नव्हतं. सपोर्टवाल्याने काय करावं? मध्ये सॉर्टची एक स्टेप घातली आणि प्रत्येक रेकॉर्डचे पहिले ८० बाइट ठेवून बाकीचे कापले. जॉब हिरवा, रिटर्न कोड शून्य, सगळे झोपायला मोकळे. पण कोड मधे वाढला होता, कापलं शेवटचं. त्यामुळे पुढचं सगळं दोन घरं सरकलं. राज्याच्या रकान्यात शहराच्या नावामागच्या दोन रिकाम्या जागा, आणि पाच अंकी झिपच्या जागी 'एनजे०७०' असलं काहीतरी. त्यातून विम्याच्या नोटिसा निघायच्या होत्या. हप्ता भरला नाही तर पॉलिसी बंद, अशा मजकुराच्या. छपाईखात्यातल्या एका बाईंनी पत्ते वाचून हटकलं म्हणून त्या गेल्या नाहीत. रेकॉर्डमध्ये एखादं कॉम्प-३ फील्ड असतं तर निदान सॉक सेव्हन तरी आला असता. सगळा मजकूरच होता, त्यामुळे मशीनला तक्रार करायला जागाच नव्हती.

सपोर्टवाल्याला मी दोष देत नाही. "जॉब किती वाजता संपला" हाच प्रश्न त्याला सकाळी विचारला जाणार होता. लांबी कुणी आणि का बदलली, हे विचारायला रात्री समोर माणूस नसतो. म्हणून माझं मत असं की उत्तर मिळेपर्यंत जॉब थांबला तरी चालेल. मॅनेजर मंडळींना हे ऐकवत नाही.

वायटूकेच्या वेळी हाच पेच फार मोठ्या प्रमाणावर पडला होता. पुण्या-मुंबईच्या कितीतरी मुलांची पहिली परदेशवारी त्याच कामामुळे झाली. वर्ष दोन अंकी होतं ते चार अंकी करायचं म्हणजे प्रत्येक तारखेला दोन बाइट जास्त, म्हणजे रेकॉर्डची लांबी बदलली, म्हणजे ती फाईल वाचणारा प्रत्येक प्रोग्रॅम बदला, पुन्हा कंपाइल करा. म्हणून अनेक ठिकाणी लांबीला हातच लावला नाही. ठरावीक आकड्याच्या खालचं वर्ष २००० नंतरचं समजायचं, अशी खिडकी ठेवून वेळ मारून नेली. ज्यांनी सत्तरच्या दशकात रेकॉर्डच्या शेवटी फिलर सोडला होता, त्यांच्या वारसांचं काम त्यातल्या त्यात सोपं गेलं. वाढीव बाइट फिलरमधून घ्यायचे, एकूण लांबी तीच. (तरी कॉपीबुक वापरणारे सगळे प्रोग्रॅम कंपाइल करायला हवेतच. लांबी जुळली म्हणून ३९ येणार नाही, आणि राहिलेला प्रोग्रॅम गुपचूप जुन्या जागेवरून वाचत राहील.)

म्हणून मी नवीन फाईल करताना दोन हट्ट धरतो. कोबॉलने तयार होणाऱ्या फाईलसाठी जेसीएलमध्ये एलआरईसीएल लिहायचा नाही, तो एफडीवरून आपोआप येतो. लिहिणारी जागा एक कमी झाली की भांडणही एक कमी. आणि शेवटी फिलर, सढळ हाताने.

यावर परवा टीममधल्या एका मुलीने विचारलं, "सर, हे २३ बाइट उगाच वाया नाही का जात?" हिशोब करून दाखवला. दहा लाख रेकॉर्ड गुणिले २३, म्हणजे दोन कोटी तीस लाख बाइट. तिच्या मोबाइलमधले पाचसहा फोटो.