उणे पाच म्हणजे किती?

माझ्या सल्ल्याने कुणी स्लीपिंग बॅग घेतली, की हल्ली मलाच झोप लागत नाही. कारण सांगतो.

२०२२ ची दिवाळी. लक्ष्मीपूजन घरी उरकून, सुट्टीला चार सीएल जोडून ऑफिसातले आम्ही सहाजण उत्तराखंडात हर की दूनला निघालो. आमच्यातल्या एकीचा हा पहिलाच हिमालय. निघण्याआधी तिने दुकानातून फोन केला, ‘‘अरे, बॅगवर उणे पाच लिहिलंय. चालेल ना?’’ मी मीटिंगमध्ये होतो. म्हटलं, ‘‘बिनधास्त घे गं, तिथे काय एव्हरेस्टवर चाललोय?’’

ओस्ला गावाच्या पुढच्या कॅम्पवर रात्री दोन वाजता तिच्या टेंटमधल्या मैत्रिणीने मला उठवलं. ही बाई होते नव्हते ते सगळे कपडे घालून बॅगेत बसलेली, दातावर दात वाजताहेत आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर अर्धंच येतंय. किचन टेंटमध्ये नेलं, गरम पाण्याच्या बाटल्या काखेत दिल्या, गोड चहा पाजला, दोघींना एकमेकींना चिकटून बसवलं. तासाभराने बोलणं ताळ्यावर आलं. बाहेर थंडी किती होती? शून्याच्या आसपास. उणे पाच तर नव्हतीच.

सकाळी ती काही बोलली नाही. फक्त बॅगची आतली शिवण उलटी करून एक छोटं लेबल माझ्यासमोर धरलं. कम्फर्ट अधिक १२, लिमिट अधिक ८, एक्स्ट्रीम उणे ५. कव्हरवर मोठ्या टायपात छापलेला आकडा होता शेवटचा!

तर मंडळी, सगळी गोम या तीन आकड्यांत आहे. युरोपने २००२ मध्ये ‘ईएन १३५३७’ नावाचं मानक आणलं, आता त्याची जागा ‘आयएसओ २३५३७’ने घेतली आहे. सेन्सर लावलेला एक गरम पुतळा आतले कपडे चढवून बॅगेत झोपवतात आणि त्यातून हे आकडे काढतात. कम्फर्ट म्हणजे सर्वसाधारण बाई निवांत पसरून झोपू शकेल ते तापमान. लिमिट म्हणजे सर्वसाधारण पुरुष अंगाचं मुटकुळं करून आठ तास कसाबसा काढेल ते. आणि एक्स्ट्रीम म्हणजे सर्वसाधारण बाई सहा तास जगू शकेल, पण शरीराचं तापमान घसरण्याचा धोका पत्करून! हा आकडा झोपेचा नाहीच, जीव वाचण्याचा आहे. म्हणून मुलींनी फक्त कम्फर्ट बघावा. मुलग्यांनीही तोच बघावा, उगाच मर्दानगी दाखवायची जागा ही नाही. आणि ज्या बॅगवर तीन आकडे नसून एकच ठसठशीत आकडा आहे, तो बनवणाऱ्याचा आशावाद समजावा.

मग कम्फर्ट किती घ्यायचा? इथे आपल्या कॅलेंडरकडे बघा. आपण मुंबई-पुण्याची माणसं वर्षातून आठ-दहा वीकएंड सह्याद्रीत घालवतो आणि जमलंच तर एकदा हिमालयात जातो. हरिश्चंद्रगड, रतनगडावर डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो, पण गोठवत नाही. मार्च उजाडला की नुसती चादर पुरते. हिमालयात मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरात तीन-साडेतीन हजार मीटरवर रात्री शून्य ते आठच्या दरम्यान जातात. ढोबळ हिशोब हवा असेल तर हजार मीटर चढलात की सहा-साडेसहा अंश कमी. या सगळ्याला मिळून एकच बॅग घ्यायची, तर कम्फर्ट शून्य ते तीन या टप्प्यातली घ्या. जानेवारीतल्या बर्फातल्या केदारकंठासाठी ती पुरणार नाही, मान्य. पण त्या एका ट्रेकसाठी जाडजूड बॅग विकत घेऊन उरलेलं वर्षभर ती माळ्यावर ठेवायची, याला काय अर्थ आहे? सांक्रीत भाड्याने मिळते, नेणारी संस्थाही बऱ्याचदा देते. उलट तीच जाडी बॅग राजमाचीला नेलीत तर रात्री बाराला घामाघूम होऊन बाहेर पडाल आणि पहाटे घाम गार पडला की हुडहुडी भराल.

थंडीची बॅग उन्हाळ्यात चालवता येते, उन्हाळ्याची बॅग थंडीत नाही. अट एकच, चेन पायापर्यंत पूर्ण उघडायला हवी आणि दोन्ही बाजूंनी सरकायला हवी. मग गरम होईल तेव्हा पाय बाहेर काढा, आणखी गरम झालं तर सगळी उघडून गोधडीसारखी पांघरा. थंडी वाढली की हूडची दोरी आवळा. ममी आकार अंगाला घट्ट बसतो म्हणून लवकर तापतो. पण कूस बदलणाऱ्यांनी दुकानात आत शिरून बघावंच. लाजू नका, जीन्स ट्राय करताना लाजता का?

डाऊन की सिंथेटिक, हा कट्ट्यावरचा सनातन वाद. डाऊन म्हणजे बदक-हंसाच्या पिसांखालची मऊ लव. वजनाला हलकी, दाबली की मुठीएवढी होते, गरमही मस्त. पण ओली झाली की तिचे गोळे होतात आणि ऊब संपते. सिंथेटिक त्याच उबेसाठी जड आणि जागाखाऊ, मात्र दमट झाली तरी बरीचशी ऊब टिकवते, लवकर वाळते आणि खिशाला परवडते. माझं मत विचाराल तर आपल्याकडची पहिली बॅग सिंथेटिकच असावी. आपल्या सॅकला दव आणि गळणारी पाण्याची बाटली कुठे चुकलीय! दरवर्षी हिमालयात जायला लागलात की बोनसमधून डाऊन घ्या. आणि पावसाळ्यात? बॅग नेऊच नका. उधेवाडीत ज्यांच्या घरी जेवाल, तेच गोधडी देतील. तिची सर कशालाच नाही.

आता एक गोष्ट, जी मलाही त्या रात्रीनंतर नीट कळली. बॅग ऊब तयार करत नाही, तुमच्याच अंगाची ऊब आतल्या फुगलेल्या हवेत धरून ठेवते. पाठीखाली ती हवा दाबली जाते आणि तिथे बॅग जवळजवळ निकामी होते. जमीन पाठीतून ऊब शोषत राहते. आमच्या मैत्रिणीची कॅरीमॅट रात्री सरकून बाजूला गेली होती, हे सकाळी टेंट आवरताना दिसलं. मॅटवर ‘आर व्हॅल्यू’ लिहिलेली असते, जितकी जास्त तितकी थंडी अडवणार. फोमच्या चांगल्या मॅटची साधारण दोन असते, सह्याद्रीला भरपूर झाली. बर्फावर चारच्या वर हवी.

सोबत एक कॉटन किंवा सिल्कचं लायनर घ्या. थोडी ऊब वाढते, बॅग मळत नाही, आणि भाड्याची बॅग वापरताना तर आधीच्या माणसाशी फार जवळीक होत नाही! झोपताना कोरडे मोजे आणि कोरडा टी-शर्ट घाला, दिवसभराचा घामट नव्हे. निजण्याआधी चिक्की खा, शरीराला जाळायला काहीतरी हवं. तोंड मात्र बॅगेत घालू नका, श्वासाची वाफ आत साठते आणि पहाटे सगळं ओलसर लागतं.

आणि घरी आल्यावर बॅग त्या छोट्या पिशवीत कोंबून ठेवू नका, प्लीज! महिनोन् महिने दाबलेली बॅग पुन्हा पूर्वीसारखी फुगत नाही. जुन्या उशीच्या मोठ्या अभ्र्यात सैल भरा किंवा कपाटात टांगा. आई ओरडेल, पण ती तशीही ओरडतेच.

२०२३ च्या डिसेंबरात आम्ही पाचनईवरून हरिश्चंद्रगडावर गेलो. मैत्रिणीने नवी बॅग आणली होती, कम्फर्ट दोन, लेबल स्वतः वाचून घेतलेली. मला फोन केला नव्हता. देवळाजवळच्या गुहेत सगळे आडवे झाले आणि रात्री दोनला मला आपोआप जाग आली. टॉर्च तिच्या दिशेला केला. चेन अर्धी उघडी, एक पाय बाहेर, मॅट जागच्या जागी.

‘‘टॉर्च बंद कर रे,’’ ती झोपेतच पुटपुटली, ‘‘आणि स्वतः झोप.’’