पाणी हवं, आई हवी : स्पॅनिशचा एक धडा



आमची लेक हॉटेल मॅनेजमेंटच्या अभ्यासासाठी स्पॅनिश शिकते आहे. वीसेक देशांची ही राजभाषा. आम्ही शाळेत उर्दू-मराठी शिकवतो. घरी मात्र सध्या लेकीचे विद्यार्थी आहोत. तिच्याकडून शिकलेलं थोडं आज तुमच्यापुढे ठेवतो.

पहिलं क्रियापद ‘केरेर’. ‘किएरो आग्वा’ म्हणजे मला पाणी हवं. पण ‘किएरो आ मि माद्रे’ म्हणजे माझं माझ्या आईवर प्रेम आहे. मागणं आणि माया, दोन्हींना शब्द एकच! उर्दू जाणणाऱ्यांना याचं नवल वाटू नये. आपलं ‘चाहना’ही हेच करतं. मधलं छोटं ‘आ’ मात्र विसरू नका. ते वस्तूला लागत नाही, माणसाला लागतं. आपणही ‘पाणी पाहिलं’ म्हणतो, पण ‘आईला पाहिलं’. हा ‘ला’ आठवला की ‘आ’ चुकणार नाही.

दुकानात किंवा पाहुणे म्हणून गेलात तर नुसतं ‘किएरो’ थोडं रोखठोक वाटतं. तिथे ‘किसिएरा आग्वा, पोर फावोर’ म्हणावं. म्हणजे ‘जरा पाणी मिळेल का?’ अदब सगळ्या भाषांत असते.

आवडणं तर मराठी माणसाला आयतंच येतं. ‘मे गुस्ता एल ते’ : मला चहा आवडतो. ‘मे गुस्तान लोस मांगोस’ : मला आंबे आवडतात. रचना अगदी आपल्यासारखी. पण एखाद्या व्यक्तीला ‘मे गुस्तास’ म्हणताना जपून! ‘तू मला आवडतेस’ म्हटल्यावर मराठीत जो अर्थ निघतो, तोच तिथेही निघतो.

आई-वडील, भावंडं, मित्र, नवरा-बायको, सर्वांना चालतं ते ‘ते किएरो’. ‘ते आमो’ अधिक गहिरं. ते बहुधा नवरा-बायकोत, काही देशांत मुलांनाही म्हणतात.

आणि एक शब्द तर आपल्या घरचाच. ‘ओखाला बेंगास’ : तू आलास तर किती बरं! हा ‘ओखाला’ अरबीतून आला. मुळात ‘अल्लाहने चाहलं तर’ अशा अर्थाचा. स्पेनमध्ये 711 पासून 1492 पर्यंत मुस्लिम राजवटी होत्या. त्या गेल्या, पण ही इच्छा तिथल्या लोकांच्या ओठांवर राहिली.

परवा रात्री लेक म्हणाली, “अम्मी, ते किएरो.”

आम्ही म्हणालो, “उच्चार बरोबर आहे. झोप आता.”

“अम्मी, मी उच्चार नव्हता विचारला.”

मग आम्हाला झोप लागली नाही. आपल्या घरांत ‘हे हवं, ते हवं’ दिवसभर चालतं. माया मात्र ‘जेवलीस का?’ एवढ्यातच भागवतो. आमची अम्मा जाऊन सहा वर्षं झाली. तिला आम्ही हे कुठल्याच भाषेत सांगितलं नाही.

फजरला लेकीला उठवताना म्हणालो, “यो ताम्बिएन ते किएरो.” माझंही तुझ्यावर प्रेम आहे.

तिने डोळे न उघडताच आमचा हात धरला.

आजचा गृहपाठ सोपा आहे. घरातल्या एका माणसाला हे सांगा. स्पॅनिश जमलं नाही तर आपल्या बोलीत सांगा.